सेनापती लान यू, मुक्काम पोस्ट पनवेल

२१ जानेवारी, गुरुवार

तुळशीराम शेठ चीनहून परत आले. गेले होते बिल्डर लोकांच्या टूरबरोबर टाइल्स बघायला, आले पिवळा झगा घेऊन. झग्यावर छातीपासून घोट्यापर्यंत एक ड्रॅगन, आणि डोक्यावर काळी टोपी, तिला पुढेमागे मण्यांच्या झालरी. तिथल्या राजवाड्याबाहेर पर्यटकांना हे घालून फोटो काढतात म्हणे. शेठनी फोटो काढला आणि मग झगा उतरवेचनात, म्हणून विकत घ्यावा लागला. हे मला सोबत गेलेल्या एका बिल्डरच्या ड्रायव्हरने सांगितलं. शेठ म्हणतात, दुकानदारानेच हात जोडले, तुमच्याशिवाय हा कोणाला शोभणार नाही म्हणून.

संध्याकाळी शेठच्या नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये नाट्यमंडळाची मीटिंग झाली. शेठ अध्यक्ष. झगा घालूनच बसले होते, प्लास्टिकच्या खुर्चीवर. दर चैत्रात गावदेवीच्या जत्रेला आमच्या मंडळाचं नाटक असतं. दरवर्षी तेच फेटे, त्याच तलवारी. यंदा नाटक चिनी करायचं असं ठरलं. म्हणजे शेठनी ठरवलं, आम्ही टाळ्या वाजवल्या.

मी महादेव घरत. पनवेलला माझं मंडप डेकोरेटर्सचं दुकान आहे. मंडळात मी लग्नाच्या आधीपासून आहे, आणि आजपर्यंत मी भालदार झालोय, पहारेकरी झालोय, जखमी सैनिक तर चार वेळा झालोय. एका वर्षी पडद्यामागून घोड्याच्या टापा वाजवल्या. मंडप माझा, लाऊडस्पीकर माझा, आणि टाळ्या मात्र शेठना. यंदा मला पुढे उभं राहायचंय. यंदा नाही तर कधीच नाही, असं मी आज रमाला सांगितलं. ती वाल सोलत होती. म्हणाली, रहा की, कोणी धरलंय. मोठे नट रोजनिशी लिहितात असं ऐकलंय, म्हणून आजपासून लिहितोय.

२९ जानेवारी, शुक्रवार

आज नाटक मिळालं. नीता मॅडम हायस्कूलला इतिहास शिकवतात, मंडळाची नाटकं त्याच लिहितात. गेल्या वर्षी शेठ त्यांना सगळ्यांदेखत म्हणाले होते, बाई, इतिहास राहू द्या, टाळ्या पडतील असं लिहा. मॅडमनी वही मिटून पिशवीत ठेवली. स्वभावाने फार शांत.

तर गोष्ट अशी. सहाशे वर्षांपूर्वी चीनमध्ये होंगवू नावाचा सम्राट होता. गरिबाघरचा पोर, भीक मागून दिवस काढलेले, आणि पुढे सगळा देश जिंकला. ज्या सेनापतींच्या जिवावर जिंकला, म्हातारपणी त्यांच्याचवर संशय घ्यायला लागला. एकेकाचा पत्ता कट. शेवटी राहिला लान यू. हा शूर, उत्तरेची मोठी लढाई मारून आलेला, पण जरा चढेल. स्वारीवरून परत येताना किल्ल्याचं दार उघडायला उशीर झाला तर याने दारच फोडलं. मग कोणीतरी सम्राटाच्या कानाला लागलं, याला पकडलं, आणि याच्याबरोबर याच्या ओळखीपाळखीची हजारो माणसं मारली. हे सगळं खरं घडलेलं आहे असं मॅडम म्हणाल्या.

शेठनी एकच विचारलं, राजा मरतो का? मॅडम म्हणाल्या, नाही, बाकी सगळे मरतात, राजा शेवटपर्यंत असतो. शेठ खूश झाले आणि नाटक जागच्या जागी पास झालं.

आणि सेनापती लान यू मला मिळाला. मला! अब्दुल्ला म्हणतो, तुझा मंडप फुकट आहे म्हणून दिला. अब्दुल्ला माझा शाळेपासूनचा दोस्त, पंधरा-सोळा वर्षं मस्कतला होता, आता पनवेलला कापडाचं दुकान टाकलंय. जीभ पहिल्यापासून तशीच. त्याला मंत्र्याचं काम दिलंय, सेनापतीची चौकशी करणारा. मला वाटतं माझा आवाज बघून दिलं. रमाला विचारलं, तर म्हणाली, आवाज हाय खरा.

९ फेब्रुवारी, मंगळवार

तालमी पार्किंगमध्येच होतात. सिंहासन म्हणून मी नवरा-नवरीचा लाल सोफा नेऊन ठेवलाय. दोघांचा आहे, पण शेठ मध्ये बसतात, मग महाराणीला टेकायला फक्त सोफ्याचा हात उरतो. महाराणी म्हणजे ठमाबाई. मार्केटात मासळी विकते, तिचा आवाज माइकशिवाय पळस्पे फाट्यापर्यंत जातो. वयाने शेठपेक्षा मोठी, त्यांना अजून तुळशाच म्हणते. आज भर दरबारात म्हणाली, तुळशा, सरक जरा, राणी पडंल ना खाली. सगळे हसले. शेठ हसले नाहीत.

परत येताना शेठनी मला गाडीत घेतलं. पुढच्या सीटवर! शेठ स्वतः चालवत होते, काचा वर, एसी चालू. म्हणाले, महादेवा, तू आपला माणूस, लोकं काय बोलतात ते तू मला सांगत जा. आता एवढं विचारल्यावर काहीतरी सांगायला हवं. मी गंमत म्हणून सांगितलं, ठमाबाई म्हणत होती की झग्यात तुळशा म्हणजे उशीचा अभ्रा दिसतोय. शेठ घर येईपर्यंत समोर रस्त्याकडेच बघत होते. थकले असतील.

११ फेब्रुवारी, गुरुवार

ठमाबाईला काढलं. नाटकात आता महाराणी पडदा उघडायच्या आधीच तापाने वारतात. मॅडमनी मुकाट्याने पानं बदलली.

माझ्या दृष्टीने बरंच झालं, तिचे संवाद गेले तेवढा वेळ माझ्या लढाईच्या भाषणाला मिळाला.

२२ फेब्रुवारी, सोमवार

केतनचाही पत्ता कट. केतन म्हणजे शेठच्या बहिणीचा मुलगा, नाटकातलं सैन्य त्याचं. दहा-बारा पोरं घेऊन यायचा, कवायत छान बसवली होती. परवा सगळी पोरं एकसारखे टी-शर्ट घालून आली, पाठीवर 'केतनदादा युवा मंच'. मला कौतुक वाटलं. गाडीत शेठना सांगितलं, म्हटलं, पोराने काय संघटना उभी केलीय, पावसाळ्यानंतर पंचायतीची निवडणूक आहे, तुमच्या कामाला येईल.

शेठ म्हणाले, "माझ्या पार्किंगमधी, माझा चहा पिऊन, माझ्याच विरोधात सैन्य तयार व्हतंय."

मला ते पटलं. खरंच की, चहा शेठचाच होता.

आता सैन्य म्हणजे इमारतीचे दोन वॉचमन. भाषा त्यांना फारशी कळत नाही, पण शेठनी एकच गोष्ट शिकवलीय. शेठ म्हणाले, 'याला पकडा', की सेनापतीला दंडाला धरायचं. शेठ म्हणाले, 'यालाही पकडा', की सेनापती ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याला धरून आत न्यायचं. माणसं इमानी आहेत. पहिल्याच तालमीत माझा दंड काळानिळा केला.

मी आता शेठचा उजवा हात झालोय असं लोक म्हणतात. म्हणजे अजून म्हणत नाहीत, पण म्हणतील. रमा म्हणाली, डावा कुठं गेला ते बघा आधी.

३ मार्च, बुधवार

अब्दुल्लाला काढलं.

होळीच्या सुट्टीनंतर पहिली तालीम होती. चहाच्या वेळी अब्दुल्ला मला कोपऱ्यात म्हणाला, मस्कतला शेख बघितले, पण पार्किंगमध्ये दरबार भरवणारा हा पहिलाच. तुळशीरामला मंत्री नको रे, आरसा पाहिजे. मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. शेठनी लांबून बघितलं. मग गाडीत त्यांनी विचारलं, काय एवढं हसत होतात? मी काय करणार? खोटं बोलण्याची मला सवय नाही. शिवाय वाक्य खरोखर चांगलं होतं, मला वाटलं शेठपण हसतील.

शेठ म्हणाले, अब्दुल्लाचं दुकान जोरात हाय, त्याला कशाला त्रास. मग गाडी वळवून म्हणाले, मंत्र्याची वाक्यं मीच बोलीन.

घरी येऊन रमाला सांगितलं. तिने भात वाढला, आमटी वाढली, आणि मग विचारलं, "आता उरलं कोण?" मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "तेच विचारतेय."

बायकांना नाटकातलं कळत नाही.

८ मार्च, सोमवार

तालमीत करमत नाही. खरं सांगतो, अब्दुल्ला नसला की चहाला चव नाही. तो असता तर आज वॉचमनच्या टोपीवर काहीतरी बोलला असता आणि मी हसलो असतो. दुकानावरून जाताना आज मी स्कूटर हळू केली, पण तो गिऱ्हाइकाला कापड दाखवत होता. बघितलंच नाही त्याने. की बघितलं?

चौकशीचा प्रवेश अर्धवटच राहतोय. मूळ प्रवेश असा: मंत्री सेनापतीला खोदून खोदून विचारतो, बोल, कटातले तुझे साथीदार कोण? सेनापती ताठ उभा राहतो आणि विचारणाऱ्या मंत्र्याकडेच बोट दाखवतो: "मला विचारणारा हाच माझा पहिला साथीदार!" त्यावर सम्राट गरजतात, यालाही पकडा! आणि मंत्रीच कटात अडकतो. खऱ्या लान यूने असंच केलं होतं अशी गोष्ट सांगतात म्हणे, खरंखोटं मॅडमनाही माहीत नाही. पण टाळी तिथेच आहे. माझी टाळी!

आता मंत्र्याची वाक्यं शेठ बोलतात. चौकशीचा प्रश्न विचारून होतो न होतो तोच त्यांचा फोन वाजतो, आणि ते पंचायतीच्या राजकारणात शिरतात. पुढचं सगळं पाठ हाय माझं, ते स्टेजवर व्हईल, म्हणतात. मी मॅडमना विचारलं, मंत्री नाही तर इथे काही बदलायला नको का? मॅडम म्हणाल्या, "नको. एका अक्षराचाही बदल नको, महादेवराव. तुम्ही फक्त पाठांतर चोख ठेवा." आजवर मला महादेवराव कोणी म्हटलं नव्हतं.

१९ मार्च, शुक्रवार

जत्रा जवळ आली. गावात दहा जणांचे फ्लेक्स लागलेत, आणि नाटकाचा एकही नाही. मी ठरवलं, आपणच लावायचा, शेठना आश्चर्याचा धक्का द्यायचा. फोटो काढून घेतला. सेनापतीचा ड्रेस (शिंप्याने फारच सुरेख शिवलाय, छातीवर पत्र्याच्या टिकल्या), हातात तलवार, आणि खाली वरातीचा पांढरा घोडा. घोडा माझ्या ओळखीतला आहे, हलला नाही.

फ्लेक्सवर मधोमध मी, पुरुषभर उंचीचा. पण मी शेठना विसरलो नाही. त्यांना सगळ्यात वरची जागा दिलीय. वरच्या रांगेत 'यांच्या आशीर्वादाने' असं सोनेरी अक्षरांत, आणि खाली तीन गोल. एका गोलात शेठचे कैलासवासी वडील, दुसऱ्यात कैलासवासी माजी सरपंच, आणि दोघांच्या मध्ये शेठ. वडिलांच्या शेजारी जागा! फ्लेक्सवाल्याने तिन्ही गोलांना एकसारखी झेंडूची महिरप केलीय. फार शोभते.

२२ मार्च, सोमवार

काल संध्याकाळी फाट्यावर फ्लेक्स लागला. कर्नाळ्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबून बघतात.

आज सकाळपासून शेठकडे माणसांची रीघ आहे. मला वाटलं फ्लेक्स बघून अभिनंदनाला येतायत. पण शेठची मेहुणी ओव्याहून रिक्षा करून आली ती रडतच उतरली. उरणहून पाहुण्यांचा फोन आला, कधी झालं, कसं झालं, पोचवून आलात की आमच्यासाठी थांबलात? शेठनी स्वतः फोन उचलला होता. पाहुण्यांना वाटलं मुलगा बोलतोय, ते म्हणाले, बाळा, तुझा आवाज अगदी बाबांसारखा आहे रे.

लोकांच्या बुद्धीची कमाल आहे. फोटो वर लावला की माणूस वर गेला असं कुठे असतं का?

२३ मार्च, मंगळवार

फोन थांबत नाहीत. दुपारी ठमाबाई नारळ आणि पांढरी फुलं घेऊन शेठच्या दारात बसली. शेठ बाहेर येऊन तिच्यासमोर उभे राहिले तरी तिचं रडणं चालूच. गेला रे माझा तुळशा, कसा अभ्र्यासारखा पिवळाधमक दिसायचा! सगळी आळी गोळा झाली. तिला कमी दिसायला लागलंय बहुतेक, डोळे तपासून घ्यायला हवेत.

मी शेठना भेटायला गेलो. समजावून सांगितलं की हा मान आहे. त्यांनी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "महादेवा, मी मेल्यावर मंडळ तू चालवणार काय रं?" मी म्हटलं, शेठ, तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना. एवढा विश्वास कोणी टाकला की भरून येतं.

२५ मार्च, गुरुवार

मला काढलं.

शेठनी स्वतः सांगितलं नाही. मॅडमचा फोन आला. मुंबईहून एक पैसे घेणारा नट येणार आहे, सेनापती तो करेल. मी विचारलं, का? मॅडम म्हणाल्या, शेठ म्हणतात की महादेव दमलाय, त्याला आराम द्या. मी दमलो नाही. मी आयुष्यात इतका कमी दमलेला कधीच नव्हतो. सगळं नाटक पाठ आहे माझं, माझंच नाही, सगळ्यांचं.

पाठोपाठ शेठच्या ड्रायव्हरचा निरोप आला, सोफा, खुर्च्या आणि लाऊडस्पीकर वेळेवर पाठवा.

मी मागच्या पडवीत जाऊन बसलो. रडलो. लिहायला लाज वाटते पण रडलो. एवढी वर्षं टापा वाजवल्या, एकदा घोड्यावर बसलो तर खाली ओढलं. काय वाईट केलं मी शेठचं? जे कानावर आलं ते इमानाने त्यांना सांगितलं. रमा येऊन शेजारी बसली. मला वाटलं टोमणा मारेल. पण तिने पाठीवर हात ठेवला. त्याने जास्तच रडू आलं.

२ एप्रिल, शुक्रवार

अब्दुल्ला आला. हातात डबा, त्याच्या बायकोने, हलीमाने केलेली सांदणं. आल्याआल्या म्हणाला, "या सेनापती, मेलेल्यांच्या पंगतीत स्वागत आहे." मी हसलो नाही, मग हसलो.

सांदणं खाता खाता तो म्हणाला, ते आरशाचं तू सांगितलंस ना शेठला? मी हातातलं सांदण डब्यात ठेवलं. तो म्हणाला, अरे खा, खा. तू नसतं सांगितलं तर मीच कधीतरी तोंडावर बोललो असतो. दुकानात कापड दाखवताना बघत होतो तुला, स्कूटर हळू करून पुढे गेलास. आत यायचं होतंस, गाढवा.

चांगला माणूस आहे. पण याला कळलं कसं? गाडीत मी आणि शेठ दोघंच होतो. रमाने सांगितलं असेल का? घरात बोलताना जरा सांभाळून बोलायला हवं.

तो गेल्यावर मॅडमचा फोन. जत्रेला नाटक बघायला नक्की या म्हणाल्या. आणि सेनापतीचा ड्रेस तुमच्याकडेच आहे, तो धुऊन, इस्त्री करून आणा. हातात आणलात तर चुरगळेल, अंगावरच घालून या. मुंबईच्या नटाला आयता कडक ड्रेस मिळावा म्हणून माझ्या अंगाचा हँगर! पण मॅडमना नाही म्हणवत नाही.

७ एप्रिल, बुधवार

सकाळ झाली, सगळं लिहून ठेवतो.

काल मी ड्रेस घालून, वरून शाल पांघरून मंडपात गेलो. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर 'राखीव' अशा चिठ्ठ्या होत्या. ठमाबाई, केतन, त्याची टी-शर्टवाली पोरं, अब्दुल्ला, सगळे काढलेले तिथे बसलेले. माझीही खुर्ची होती. मॅडमनी केवढी आठवण ठेवली, काढलेल्यांनाही मानाने बसवलं.

मुंबईचा नट आलाच नाही. शेठचा ड्रायव्हर त्याला फोन लावून दमला. शेवटी कळलं की त्याला जत्रा आठ तारखेला आहे असं कळवलं होतं. कळवण्याचं काम मॅडमकडे होतं. बिचाऱ्या एकट्या किती धावणार, होते चूक.

पडदा उघडला. सोफ्यावर शेठ, झगा, झालरी, मागे दोन वॉचमन. पहिले दोन अंक शेठनी एकट्याने काढले. सेनापतीची लढाई मॅडमनी पडद्यामागून वाचून दाखवली. महाराणी वारल्याची बातमी शेठनी स्वतःच स्वतःला दिली, आणि 'वारल्या!' म्हटल्यावर ठमाबाई पुढच्या रांगेतून म्हणाली, सुटली. मंत्र्याशी सल्लामसलत शेठनी डावीकडे वळून विचारून आणि उजवीकडे वळून उत्तर देऊन केली. पोरं शिट्ट्या मारायला लागली. झालरीच्या मण्यांमागून शेठचा घाम गळताना मला दिसत होता. मला वाईट वाटलं. कसाही असला तरी आपला माणूस.

तिसरा अंक. शेठ ओरडले, "सेनापतीला हजर करा!" कोण हजर होणार? पुन्हा ओरडले. आणि मग मागून कोणीतरी म्हणालं, महादेव, जा की! मग सगळेच म्हणायला लागले. अब्दुल्लाने माझी शाल ओढून काढली. टिकल्या चमकल्या आणि अशी टाळी पडली की विचारू नका, आणि मी अजून काही केलंच नव्हतं.

मी चढलो. शेठ डोळे वटारून बघत होते, पण मी नसतो तर त्यांनाच तोंड दाखवायला जागा नव्हती, हे त्यांना कळलं असणार. ते म्हणाले, 'याला पकडा', वॉचमननी दंड धरले. मग शेठ सोफ्यावरून उतरून माझ्यासमोर आले आणि मंत्र्याचा प्रश्न विचारला. तो त्यांनी तालमीपेक्षा फार चांगला विचारला, अगदी जीव तोडून, नाकाला नाक लावून. "बोल! माझ्याविरुद्ध कटात तुझे साथीदार कोण कोण हायत?" नाटकात 'आहेत' आहे.

मला माझं वाक्य पाठ होतं. मी ताठ उभा राहिलो, हात सोडवून घेतला, आणि विचारणाऱ्याकडे बोट दाखवलं. "मला विचारणारा हाच माझा पहिला साथीदार!"

बोट शेठच्या छातीवर, ड्रॅगनच्या नाकावर टेकलं. मी काय करणार? विचारत तेच होते. मॅडमनी एका अक्षराचाही बदल नको म्हणून सांगितलं होतं.

शेठची संवादांवरची पकड मी मानली. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, छाती फुगवून, हात वर करून: "यालाही पकडा!"

वॉचमननी एकमेकांकडे बघितलंही नाही. दोघांनी मला सोडलं, शेठना दोन्ही दंडांना धरलं आणि आत घेऊन निघाले. शेठ म्हणत होते, अरे मी, मी! सोडा रं! टोपी पडली. वॉचमननी पकड आणखी घट्ट केली, कारण तालमीत शेठनीच शिकवलं होतं की पकडलेला माणूस ओरडतो, तरी सोडायचं नाही.

आधी ठमाबाई हसली. तिचं हसणं ऐकून अख्खं गाव हसलं, बायका पदर तोंडात घालून हसल्या, केतन खुर्चीवरून पडला. जत्रेला आलेल्या पाहुण्यांना वाटलं की नाटक असंच आहे, आणि त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. स्टेजवर मी एकटाच होतो. म्हणून वाकून नमस्कार केला. तीनदा केला.

आत गेलो तेव्हा शेठ सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर बसले होते, वॉचमन अजून दंड धरून. मी त्यांना सोडायला सांगितलं. त्यांनी आधी शेठकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सोडलं. मी शेठना पाणी दिलं. ते प्याले. म्हणाले, "महादेवा, तू मुद्दाम केलंस." मी देवीची शपथ घेऊन सांगितलं, शेठ, मी फक्त पाठ केलेलं बोललो. त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तेच तर." आणि उठून मागच्या बाजूने घरी गेले. त्यांचा चालताना झगा पायात येत होता, मला फार वाईट वाटलं.

मॅडम पडद्यामागे नाटकाची पानं जुळवत होत्या. डोळ्यांत पाणी होतं. पहिल्यांदाच त्यांचं नाटक इतकं रंगलं, भरून आलं असणार.

१८ एप्रिल, रविवार

शेठनी तब्येतीचं कारण सांगून मंडळ सोडलं. सध्या उरणला मुलीकडे आहेत. पंचायतीला केतन उभा राहणार असं ऐकतो.

आज मीटिंग झाली, माझ्या दुकानात. काढलेले सगळे परत आले. मला सेनापती म्हणूनच हाक मारतात, रिक्षावालेसुद्धा. अध्यक्ष कोण, असा विषय निघाला आणि ठमाबाई म्हणाली, हा काय बसलाय समोर, याला करा, शेठला पकडवणारा गडी. सगळे हसले. ठमाबाईची ती बोलायची पद्धत जरा सैल आहे, अध्यक्षासमोर असं बरं दिसत नाही, पण आज काही म्हटलं नाही. मॅडमनी अनुमोदन दिलं आणि त्या हसल्या. कशाला हसल्या, एकदा विचारायला हवं.

मग हात वर करायला सांगितले. एकूण एक हात वर झाले. मी बिनविरोध अध्यक्ष. रमाला फोन करून सांगितलं, ती म्हणाली, "आता तुमी तरी बरं वागा." तिचं मनावर घेत नाही.

अब्दुल्लाने हात वर केला, पण सगळ्यांच्या नंतर. त्याच्या एका हातात चहाची किटली होती, दुसऱ्यात कप, त्यामुळे उशीर झाला असेल. तसंच असेल. जुना दोस्त आहे. तरी जाताना मी केतनला स्कूटरवर मागे घेतलं आणि सांगितलं, तू आपला माणूस, लोक काय बोलतात ते मला सांगत जा.